रात्री पाणी भरताना बिबट्या समोर आला तर? गोदाकाठच्यांनी आपापले अनुभव इथे लिहा

कडवाकाठ | 2 डिसेंबर, रात्री 9:40

आमचा मळा निफाड तालुक्यात, गोदाकाठी. थोडी द्राक्षं, थोडा गहू, बाकी ऊस. या आठवड्यात थ्री फेज लाईट (मोटार चालते ती वीज) रात्रीची आहे, त्यामुळे गव्हाला पाणी रात्रीच द्यावं लागतंय. परवा धाकटा भाऊ एकटाच गेला. वाफा भरला म्हणून पुढच्या वाफ्याला पाण्याची वाट फोडायला फावडं घेऊन वाकला आणि मान वर केली तर उसाच्या कडेला, बांधावर, दोन डोळे. अंतर पंधरा-वीस पावलांचं. आधी त्याला वाटलं आपलंच कुत्रं मागे आलंय. मग शेपटीचं टोक हललं.

तो सांगतो, "मी ताठ उभा राहिलो, फावडं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि जोरजोरात बोलायला लागलो. काय बोललो ते आता आठवत नाही." बॅटरीचा उजेड त्याने बिबट्यावरून हलवला नाही. बिबट्या थोडा वेळ तसाच बसून होता, मग उठला आणि उसात शिरला. पाचटाचा आवाज आत आत जात राहिला. भाऊ पाठ न दाखवता मोटारीच्या पेटीपर्यंत मागे मागे आला, मोटार बंद केली आणि घरी फोन लावला. आम्ही चौघं ट्रॅक्टर घेऊन गेलो. घरी आल्यावर त्याच्या हातातला तांब्या दोनदा निसटला.

सकाळी जाऊन पाहिलं. ओल्या चिखलात ठसे स्वच्छ उमटलेले. चार बोटं, नखं कुठेच नाहीत. बोटांमागच्या गादीला खालच्या बाजूने तीन गोल उंचवटे. शेजारी आगपेटी ठेवून पाहिली, तर ठशाची रुंदी दीड आगपेटी भरली. दोन हातांवर आमच्या कुत्र्याचा ठसा होता, त्यात पुढे नखांचे टोचे अगदी ठळक. तरसाच्या ठशातही नखं दिसतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून त्याची उमटत नाहीत. एवढं ओळखता आलं तरी शिवारात कोण फिरतंय ते कळतं.

भाऊ वाचला त्याला कारण आमचे आजोबा. ते लहानपणापासून सांगायचे, "वाघ दिसला तर वाकायचं नाही, पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही." (आमच्याकडे म्हातारी माणसं बिबट्याला वाघच म्हणतात.) उभा माणूस बिबट्याच्या भक्ष्यात बसत नाही. वाकलेला, उकिडवा बसलेला माणूस त्याला अंधारात शेळी-वासराएवढा दिसतो. आपली शेतातली निम्मी कामं तर वाकूनच करायची असतात. म्हणून धागा काढला. तुम्ही लोक काय काळजी घेता ते सविस्तर लिहा. ऐकीव नको, केलेलं लिहा.

मळ्यातली_माई | 2 डिसेंबर, रात्री 10:25

दादा, भाऊ सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. त्यांना दोन दिवस एकटं पाठवू नका. भीती नंतर अंगात चढते.

आमच्याकडे बायकांनी एक रीत पाडून घेतली आहे. घास कापायला दोघींनी जायचं. एक वाकते, दुसरी उभी राहते आणि उसाच्या दिशेला तोंड करून बोलत राहते. अर्ध्या ओझ्यानंतर पाळी बदलायची. सुरुवातीला घरातले म्हणाले, एकीची मजुरी वाया जाते. जात नाही. दोन ओझी घास थोडा उशिरा येतो, एवढंच. धुणं-भांडी सूर्य बुडायच्या आत आटपतो. संडास अंगणाच्या टोकाला आहे, तिथे दिवा लावून घेतला आणि वाटेतलं गाजरगवत मुळासकट काढलं. अंधार पडल्यावर पोरं ओट्यावर सुद्धा बसत नाहीत.

ओट्यावर का नाही, ते लिहिते. आमच्या शेजारच्या वस्तीवरचं पाच वर्षांचं लेकरू ओट्यावरूनच गेलं. आई आत भाकरी थापत होती, दार उघडं होतं, दोघांत आठ पावलांचं अंतर. ऊस घराच्या भिंतीपासून दहा फुटांवर. त्या रात्री सगळी वस्ती उसात शिरली होती. आजही त्या घरासमोरून जाताना मी त्या ओट्याकडे बघू शकत नाही. म्हणून मला कुणी "बिबट्या लाजाळू असतो" असं सांगितलं की राग येतो. असेल लाजाळू. माझ्यासाठी घर आणि ऊस यांच्यामध्ये मोकळी जागा हवी, बास.

रानखुणा | 2 डिसेंबर, रात्री 11:10

माई, तुमच्या शेवटच्या वाक्यात फार मोठी गोष्ट आहे. घराभोवती निदान पंचवीस-तीस फूट मोकळं ठेवता आलं तर बिबट्याला दबा धरायला आडोसा उरत नाही. तो लांबून धावत येऊन शिकार करणारा प्राणी नाही. लपत छपत अगदी जवळ येतो आणि मग झडप घालतो. आडोसा काढला की त्याचं निम्मं बळ काढलं. ज्यांच्या भिंतीला ऊस लागून आहे त्यांनी पुढच्या लागवडीला तेवढ्या सऱ्या सोडून घास, मेथी, कांदा असं बुटकं पीक घ्यावं. थोडं उत्पन्न जाईल, पण ते जाऊ द्या.

मी काही वर्षं या विषयात स्वयंसेवक म्हणून काम केलं आहे, म्हणून थोडं मागचं लिहितो. "जंगल तुटलं म्हणून बिबट्या गावात आला" हे आपल्याकडच्या गोदाकाठाला, दारणाकाठाला फारसं लागू पडत नाही. इथे जंगल आधीही नव्हतं. धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला. उसात वर्षभर सावली, पाणी आणि शांतता. मादी उसातच वीते, पिल्लं उसातच वाढतात. त्या पिल्लांनी डोंगर पाहिलेलाही नसतो. त्यांचं गाव तेच, जे आपलं.

शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून मोजणी केली होती, ती 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. शेती आणि दाट वस्तीच्या त्या खोऱ्यात 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 मोठे बिबटे निघाले. गावकऱ्यांना त्यांतले बरेचसे कधी दिसलेही नव्हते. विष्ठा तपासली तेव्हा खाण्यात सगळ्यात मोठा वाटा निघाला कुत्र्यांचा. शेळ्या सांभाळायला माणूस असतो, कुत्र्यांना कुणी नसतं. ज्या वस्तीत उकिरडा उघडा, कोंबड्यांची घाण उघड्यावर, तिथे कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. उकिरडा झाकणं हे सुद्धा बिबट्यापासून जपणंच आहे.

द्राक्षवेल | 3 डिसेंबर, सकाळी 6:15

सगळं पटलं, पण मग पिंजरा लावून एकदाचा उचलून लांब जंगलात का सोडत नाहीत? आम्ही किती दिवस घुंगराच्या काठ्या घेऊन फिरायचं?

रानखुणा | 3 डिसेंबर, सकाळी 8:30

द्राक्षवेल भाऊ, जुन्नरला नेमकं हेच करून पाहिलं होतं. 2001 नंतर तिथले कितीतरी बिबटे पकडून लांब सोडले. त्यावरचा अभ्यास 2011 मध्ये छापून आला. ज्या भागात सोडले तिथल्या जंगलांभोवती माणसांवरचे हल्ले वाढले आणि जुन्नरमध्येही सरासरी वर्षाला 4 वरून 17 वर गेले. कारण साधं आहे. स्थिरावलेला बिबट्या त्या शिवाराला सरावलेला असतो. कुठल्या वस्तीवर माणसं कधी जागी असतात, कुठे मोकाट कुत्री मिळतात, हे त्याला पाठ असतं. तो उचलला की जागा रिकामी होते आणि आजूबाजूचे तरुण, अननुभवी बिबटे त्या जागेसाठी येतात. आणि ज्याला लांब सोडला तो तिथे राहतच नाही. 2009 मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा नर बाहेर काढून, गळ्यात माग काढणारा पट्टा घालून माळशेज घाटात सोडला होता. त्याचं नाव आजोबा पडलं. तो सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईजवळच्या जंगलात पोचला. वाटेत गावं, रस्ते, रेल्वे सगळं ओलांडलं आणि कुणालाही इजा केली नाही.

पण माईंचंही म्हणणं सोडू नका. माणसावर हल्ला झालेल्या ठिकाणी पिंजरा लागलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. नुसता दिसला, ठसे उमटले, कुत्रं नेलं, एवढ्यावरून पिंजऱ्याचा हट्ट धरू नये, एवढंच माझं म्हणणं.

मळ्यातली_माई | 3 डिसेंबर, सकाळी 9:05

हे असं सांगितलं तर पटतं.

डोंगरवारा | 3 डिसेंबर, दुपारी 1:20

मी नाशिक शहरातला, सुट्टीला अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, रामशेज असं फिरणारा. आमच्या पोरांसाठी लिहितो. बिबट्या या सगळ्या डोंगरांत आहे, आणि वीसेक वर्षांत मला तो फक्त दोनदा दिसला, दोन्ही वेळा पळताना. तरी काही गोष्टी आम्ही पाळतोच. पहाटेच्या अंधारात चढायला सुरुवात केली तर गप्पा मारत चढतो. कानात हेडफोन घालून एकट्याने पळायला जाणारी मुलं म्हसरूळ-चामरलेणी भागात खूप दिसतात. मुलांनो, एक कान तरी मोकळा ठेवा. रात्री तंबूबाहेर जायचं असेल तर दुसऱ्याला उठवायचं, आधी बॅटरी चारही बाजूंना फिरवायची, मगच पाऊल टाकायचं. उरलेलं मटण, हाडं तंबूजवळ टाकायची नाहीत. लहान मुलं रांगेत मधे, पुढे-मागे मोठी माणसं. मूल थकून मागे रेंगाळलं तर सगळ्यांनी थांबायचं.

गुहेत, खडकाच्या कपारीत पिल्लं दिसली तर फोटोसाठी सुद्धा थांबू नका. आई जवळच असते. आल्या वाटेने मागे फिरा.

गंगापूररोडकर | 3 डिसेंबर, रात्री 8:45

शेतातल्या भीतीबद्दल मला बोलण्याचा अधिकार नाही, पण शहरातला अनुभव लिहितो. जानेवारी 2019 मध्ये सावरकरनगर भागात बिबट्या शिरला होता. नाशिककरांना आठवत असेल. गच्च्यांवर, भिंतींवर, रस्त्यात माणसंच माणसं. जो तो मोबाईल वर धरून. आरडाओरडा, शिट्ट्या. बिथरलेला बिबट्या जिकडे वाट दिसेल तिकडे धावत होता आणि त्यात माणसं जखमी झाली. वन विभागाला बेशुद्धीचं इंजेक्शन मारायचं तर प्राणी एका जागी थांबावा लागतो. इंजेक्शन लागल्यावरही तो लगेच पडत नाही, औषध भिनायला वेळ लागतो. त्या वेळात गर्दी असेल तर विचार करा काय होईल.

त्या दिवसापासून मी आमच्या सोसायटीत एकच गोष्ट सांगत आलो आहे. कॉलनीत बिबट्या दिसला की दार लावा, मुलांना आत घ्या, पार्किंगचं फाटक उघडं असेल तर जवळ न जाता लोकांना फोनवर सांगा, वन विभागाच्या 1926 या नंबरला कळवा, आणि गल्ली रिकामी ठेवा. दिवसा सापडलेला बिबट्या आडोशाला लपून रात्रीची वाट बघतो. वाट मोकळी राहिली तर अंधार पडल्यावर तो आल्या पावली निघून जाऊ शकतो. ग्रुपवर जुने व्हिडिओ "आत्ता आपल्या इथे" म्हणून टाकू नका. खऱ्या फोनच्या वेळी लाईन लागत नाही.

परिचारिका_नाशिक | 3 डिसेंबर, रात्री 9:30

एक राहिलं म्हणून लिहिते. बिबट्याने पंजा मारला, नुसतं ओरखडलं तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून. हळद, चुना, तंबाखू, चहापत्ती काहीही भरू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन, रेबीजची लस आणि कातडी फाटलेल्या जखमेला जखमेत द्यायचं रेबीजविरोधी सीरम, तिन्ही लागतात. मांजरकुळातल्या प्राण्याच्या दातांची जखम वरून बारीक दिसते, आत खोल असते आणि लवकर चिघळते. "टाका नको, भरून येईल" म्हणत घरी बसलेली माणसं मी तापाने फणफणून आलेली पाहिली आहेत. लसीचे सगळे डोस पूर्ण करा.

शेळीपालक_सिन्नर | 4 डिसेंबर, सकाळी 7:00

मागच्या वर्षी आमच्या गोठ्यात शिरून दोन शेळ्या मारल्या. भिंत सात फूट होती, आम्हाला वाटलं पुरे. त्याने भिंतीवर पाय दिला आणि पत्र्याच्या फटीतून आत उतरला. बाहेर पडताना तोंडातल्या शेळीसकट तीच भिंत चढला. तेव्हा कळलं की वरून झाकल्याशिवाय गोठा म्हणजे गोठा नाही. आता चारही बाजूंना आणि वरून जाळी आहे, दाराला आतून-बाहेरून कडी आहे. तेव्हापासून एकही शेळी गेली नाही.

भरपाईसाठी : जनावर मेलं तर जागेवरून हलवू नका, पुरू नका. 48 तासांच्या आत वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या, स्वतःही फोटो काढून ठेवा. आमच्या भावकीत एकाने वास येतो म्हणून वासरू ओढ्यात टाकलं आणि मग हाती काहीच आलं नाही. आणि रागाच्या भरात मेलेल्या जनावरावर विष टाकायचं मनातही आणू नका. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तुरुंग होतो. शिवाय ते मांस गावची कुत्री, घारी, कुणीही खातं.

विहिरींना कठडे बांधा, हेही सांगतो. कुत्र्यामागे धावताना बिबट्या उघड्या विहिरीत पडतो, मग सगळं गाव काठावर गोळा होतं आणि एखादा माणूसही आत जायचा.

डांगसौंदाणा_नव्हे_पेठ | 4 डिसेंबर, दुपारी 12:10

मी पेठ तालुक्यातला, कोकणा समाजाचा. आमच्याकडे दिवाळीच्या तोंडावर वाघबारस असते. तुमच्याकडे वसुबारस, त्याच दिवशी. गावाच्या शिवेवर लाकडात कोरलेला वाघदेव असतो, त्याच्यासोबत चंद्र, सूर्य, नाग. गुराखी पोरं त्या दिवशी शिवेवर जमतात, देवाला शेंदूर लावतात, नारळ फोडतात. गाऱ्हाणं असं असतं की तू तुझ्या वाटेने जा, आमच्या गुरांना, गोवाऱ्यांना सांभाळ.

मला लहानपणी वाटायचं ही नुसती पूजा आहे. मोठा झाल्यावर कळलं, त्या दिवशी म्हातारी माणसं पोरांना वाटाही दाखवतात. या नाळीने संध्याकाळी जायचं नाही, या पाणवठ्यावर गुरं दुपारीच पाजायची, इथे करवंदाची जाळी दाट आहे, इथून हाळी देत जायचं. वाघ कुठे असतो हे गावाला माहीत असायचं, म्हणून "वाघ आला रे" अशी बोंब फारशी व्हायची नाही. तो होताच. तुमच्या गोदाकाठच्या गावांनीही असं एकदा शिवार फिरून पोरांना दाखवावं. ऊस नवा आहे, बिबट्या नवा आहे, पण वाटा आखून घ्यायची पद्धत तीच चालेल.

कडवाकाठ | 4 डिसेंबर, रात्री 9:00

पेठचे दादा, हे आम्ही करणार. येत्या रविवारी वस्तीवरची पोरं घेऊन शिवार फिरायचं ठरलंय. शाळेच्या वाटेवर एक ठिकाण असं आहे की दोन्ही बाजूंना ऊस आहे आणि मधून बैलगाडीपुरती वाट. तिथल्या दोन्ही शेतकऱ्यांना विनंती केली. एकाचा ऊस या आठवड्यात तुटणार आहे, दुसऱ्याने कडेच्या दोन सऱ्या आधी काढायचं कबूल केलं. तोवर एक मोठं माणूस पोरांसोबत जाईल.

रात्रीच्या पाण्याबद्दल : आता दोघांनी जायचं, एकाने फक्त उजेड धरायचा. मोबाईलवर गाणी नको, बातम्या लावतो. माणसाच्या बोलण्याचा आवाज त्याला जास्त कळतो असं आम्हाला वाटतं. दिवसा थ्री फेज मिळावी म्हणून गावाने पुन्हा अर्ज दिला आहे. माझ्या मते सगळ्या उपायांत हा पहिला उपाय आहे. शेतकरी रात्री शेतात गेलाच नाही तर निम्म्या गाठीभेटी होणारच नाहीत.

कडवाकाठ | 6 डिसेंबर, दुपारी 3:50

तातडीने लिहितोय. शेजारच्या उसात तोड चालू आहे, टोळीला आत्ता दोन पिल्लं सापडली. मांजराएवढी, डोळे उघडलेले. एका मजुराने एक उचलून बांधावर आणलं. सगळे बघायला जमताहेत. काय करू?

रानखुणा | 6 डिसेंबर, दुपारी 3:56

तोड लगेच थांबवा. सगळ्यांना बाहेर काढा, कोपीवरच्या बायका-पोरांना सुद्धा. पिल्लू जिथून उचललं तिथेच ठेवा, दूध-पाणी काही देऊ नका, कुणी कुशीत घेऊ नका. 1926 आणि वनरक्षक, दोघांनाही फोन करा. आई शंभर-दोनशे फुटांवर असू शकते. आता ती लाजाळू नाही, हे लक्षात ठेवा.

कडवाकाठ | 6 डिसेंबर, रात्री 7:30

वन विभागाची माणसं आली. पिल्लं तपासली, त्याच जागी प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवली, वर सैल झाकण, समोर कॅमेरा. आम्हाला सगळ्यांना घरात बसायला सांगितलं. वस्तीवरचे दिवे चालू, बाहेर कुणी नाही. टोळीच्या लोकांना आज शाळेच्या व्हरांड्यात झोपायला जागा दिली. त्यांच्या कोप्या शेताच्या कडेलाच होत्या आणि त्यांना दारं नाहीत.

मळ्यातली_माई | 6 डिसेंबर, रात्री 7:45

टोळीच्या लेकरांना शाळेत नेलंत, फार चांगलं केलंत. पांघरुणं कमी असतील तर सांगा, आमच्याकडून पाठवते.

कडवाकाठ | 7 डिसेंबर, सकाळी 7:10

कॅमेरा बघून आलो. रात्री नऊ वाजून बावीस मिनिटांनी ती आली. क्रेटभोवती दोन फेऱ्या मारल्या, पंजाने झाकण लोटलं, एकाला मानेला धरून घेऊन गेली. मग बराच वेळ काही नाही. आम्ही सगळे त्या कॅमेऱ्याच्या बारक्या पडद्यावर डोळे लावून उभे. अकराला पाच कमी असताना परत आली आणि दुसरं उचललं. जाताना एकदा थांबून वस्तीच्या दिशेला बघितलं.

ठसे नदीकडच्या उसाकडे गेलेत. त्या बाजूच्या चार वस्त्यांना फोन झाले. टोळी आज सुट्टीवर, उद्या सकाळी आठनंतर उजाडल्यावर तोड सुरू होईल, आणि शेवटचा पट्टा तोडताना नदीकडची बाजू मोकळी ठेवायची आहे. माई, दहा पांघरुणं लागतील. भाऊ दुपारी घ्यायला येतोय.